कर्करोगाशी झुंजताना मित्रांची सोबत

कर्करोग म्हणजे मृत्यू, हे समीकरण वैद्यकशास्त्राने केव्हाच मोडीत काढले आहे. समाजाच्या मनातून मात्र ते अद्याप पुरते पुसले गेलेले नाही. निदान कानी पडताच रुग्णाच्या पायाखालची जमीन सरकते, घरातील माणसे सैरभैर होतात आणि आप्तस्वकीयांच्या दूरध्वनींचा ओघ सुरू होतो. पहिला पंधरवडा सरला की हा ओघ आटतो. उपचार मात्र सहा महिने, वर्षभर, कधी त्याहूनही अधिक काळ चालतात. या लांबलचक वाटेवर रुग्णाच्या सोबतीला कोण उरते, हा प्रश्न औषधोपचारांइतकाच महत्त्वाचा ठरतो.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात कर्करोगाचे १४ लाखांहून अधिक नवे रुग्ण आढळले आणि नऊ लाखांहून अधिक जण दगावले. स्तनाचा, मुखाचा आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग यांचे प्रमाण त्यात सर्वाधिक आहे. विभक्त कुटुंबे, परगावी वा परदेशी स्थायिक झालेली मुले आणि नोकरीतील अपुऱ्या रजा यांमुळे शुश्रूषेचा सारा भार एकट्या पत्नीवर, पतीवर किंवा वृद्ध आईवडिलांवर पडतो. अशा वेळी चाळीतले शेजारी, कचेरीतले सहकारी, शाळेपासूनचे सोबती हेच दुसरे कुटुंब होतात. मात्र केवळ सदिच्छा असून भागत नाही. मदत कोणती, केव्हा आणि किती करावी, याचे भान असावे लागते.

निदानानंतरचे पहिले दिवस

गाठ हाताला लागणे आणि उपचार सुरू होणे यांमध्ये तपासण्यांचा एक कालखंड असतो. बायोप्सी, तिचा पॅथॉलॉजी अहवाल, सी.टी. वा पेट स्कॅन आणि त्यानंतर रोगाचा टप्पा निश्चित करणे, अशी ही साखळी असते. प्रत्येक अहवालासाठी काही दिवस थांबावे लागते. रोग आहे हे कळलेले असते, पण किती पसरला आहे हे कळलेले नसते. अनेक रुग्णांना हा काळ उपचारांपेक्षाही जड जातो.

मित्राचे पहिले काम येथूनच सुरू होते. तज्ज्ञ डॉक्टर रोगाचे स्वरूप, शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन यांविषयी सांगत असतात तेव्हा रुग्णाचे मन ‘कर्करोग’ या एका शब्दापाशीच थबकलेले असते आणि पुढचे बोलणे त्याच्या कानांवरून निघून जाते. म्हणून तपासणीच्या खोलीत शांत डोक्याचा एक माणूस सोबत असावा. विचारायचे प्रश्न त्याने आधी कागदावर लिहून न्यावेत आणि उत्तरे टिपून घ्यावीत. रोगाचा प्रकार कोणता, टप्पा कोणता, उपचारांचा हेतू रोग समूळ बरा करण्याचा आहे की तो आटोक्यात ठेवण्याचा, दुष्परिणाम कोणते, एकूण खर्च किती आणि दुसरे मत घ्यावे काय, हे सहा प्रश्न बहुतेक रुग्णांच्या बाबतीत कामाला येतात. सर्व अहवाल तारखेनुसार एका फायलीत लावून ठेवणे हे कामही मित्र सहज करू शकतो. बायोप्सीचे ब्लॉक आणि काचा जपून ठेवणे आवश्यक असते, कारण दुसऱ्या रुग्णालयात त्यांची फेरतपासणी मागितली जाते.

सांगावे की लपवावे?

‘त्यांना काही सांगू नका’ ही विनंती आपल्याकडे डॉक्टरांना रोज ऐकावी लागते. रुग्ण खचेल या भीतीपोटी नातेवाईक रोगाचे नाव दडवतात. ‘साधी गाठ आहे’, ‘थोडा अल्सर आहे’ अशी कारणे पुढे केली जातात. यामागे माया असते, यात शंका नाही. परंतु केस गळू लागले, रेडिएशन विभागाची पाटी दिसली किंवा शेजारच्या खाटेवरील रुग्णाशी दोन शब्द झाले की सत्य उघड होतेच. मग रुग्ण आपल्याला कळल्याचे घरच्यांपासून लपवतो, घरचे त्याच्यापासून लपवतात आणि ज्या काळात एकमेकांशी बोलण्याची सर्वाधिक गरज असते, त्याच काळात घरात अबोला नांदतो.

वाईट बातमी कशी सांगावी यासाठी डॉक्टरांकरिता सहा पायऱ्यांची एक पद्धत २००० मध्ये अमेरिकेत मांडण्यात आली. रुग्णाला आधी काय ठाऊक आहे आणि त्याला किती जाणून घ्यायचे आहे, हे विचारून मगच पुढे जावे, हा तिचा गाभा आहे. मित्रांनाही हे सूत्र लागू पडते. रुग्णाला ऐकायचे आहे तेवढे बोलावे, पण खोटे बोलू नये. मृत्युपत्र, विमा, मुलांची शिक्षणे, अपुरे राहिलेले व्यवहार यांविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्याचा असतो आणि माहितीवाचून तो बजावता येत नाही. पत्नीपाशी वा मुलांपाशी जी भीती बोलता येत नाही, ती माणूस जुन्या मित्रापाशी बोलून दाखवतो. त्या वेळी ‘असे काही मनात आणू नकोस’ म्हणून विषय बदलणे म्हणजे त्याने कष्टाने उघडलेले दार लावून घेण्यासारखे आहे.

हृषीकेश मुखर्जी यांच्या १९७१ मधील ‘आनंद’ या चित्रपटाने कर्करोग आणि मैत्री यांची सांगड भारतीय प्रेक्षकांच्या मनात कायमची घातली. राजेश खन्ना आणि अमिताभ बच्चन यांच्या जोडीला डॉक्टर दाम्पत्याच्या भूमिकांत रमेश देव आणि सीमा देव होते. त्यातील रुग्णाला आपला आजार पूर्ण ठाऊक असतो आणि तो मित्रांनाच धीर देत राहतो. मात्र त्या चित्रपटातील लिम्फोसार्कोमा हा ज्या गटात मोडतो, त्या लिम्फोमा गटातील अनेक कर्करोग आज औषधांना उत्तम प्रतिसाद देतात. पडद्यावरील शेवट डोळ्यांपुढे ठेवून रुग्णाकडे पाहणे आता कालबाह्य ठरले आहे.

कामांची वाटणी

‘काही लागले तर सांग’ हे वाक्य प्रत्येक रुग्णाच्या घरी असंख्य वेळा उच्चारले जाते आणि क्वचितच उपयोगी पडते. संकोचापोटी कोणी काही मागत नाही. त्याऐवजी ‘मंगळवारी केमोला मी बरोबर येतो’, ‘या आठवड्यात मुलांना शाळेतून मी आणीन’, ‘गुरुवारचा डबा आमच्याकडून’ असे नेमके बोलावे. चार-सहा मित्रांनी एकत्र बसून वार लावून घेतले तर कोणा एकावर भार पडत नाही आणि सहा महिन्यांनीही मदत टिकून राहते. त्यांपैकी एकाने सर्वांना खबरबात कळवण्याची जबाबदारी घ्यावी. तीच कहाणी दिवसातून वीस वेळा सांगण्याच्या यातनेतून घरच्यांची सुटका होते.

शुश्रूषा करणाऱ्याला विसावा देणे हीही मोठी मदत आहे. रात्रंदिवस उशाशी बसलेल्या पत्नीला चार तास झोप मिळावी, तिला स्वतःचे रक्तदाबाचे औषध आणता यावे, यासाठी कोणी तरी तिची जागा घ्यावी लागते.

रक्त आणि प्लेटलेट

रक्ताच्या कर्करोगात, तसेच तीव्र केमोथेरपीनंतर शरीरातील प्लेटलेटची संख्या धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. दान केलेल्या प्लेटलेट साधारणपणे पाचच दिवस टिकतात, त्यामुळे त्यांचा साठा फार काळ करून ठेवता येत नाही. दाता ऐनवेळी हजर असावा लागतो. येथे मित्रमंडळींचे जाळे अक्षरशः जीव वाचवते. यंत्राद्वारे केवळ प्लेटलेट काढून घेण्याच्या पद्धतीत दात्याचे उर्वरित रक्त त्याला परत मिळते. दोन प्लेटलेटदानांत किमान ४८ तासांचे अंतर लागते, आठवड्यातून दोनपेक्षा अधिक वेळा आणि वर्षातून २४ पेक्षा अधिक वेळा ते करता येत नाही. संपूर्ण रक्त देणाऱ्या पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने थांबावे लागते. प्लेटलेट देण्यापूर्वीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेले चालत नाही. दात्यांची नावे, रक्तगट, दूरध्वनी क्रमांक आणि शेवटच्या दानाची तारीख यांची यादी उपचार सुरू होण्यापूर्वीच तयार असल्यास मध्यरात्रीची धावपळ टळते.

भेटीला जाताना

केमोथेरपीनंतर सुमारे सात ते चौदा दिवसांच्या काळात रुग्णाच्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. सर्दी, खोकला, ताप असलेल्याने भेटीस जाऊच नये. गेल्यावर हात साबणाने धुवावेत, गर्दी करू नये, अर्ध्या तासात उठावे. या काळात रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप आला, तर सकाळची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे लागते. ही एक गोष्ट सोबतीच्या प्रत्येक माणसाला ठाऊक असली पाहिजे.

याउलट, रुग्णाजवळ गेल्याने आपल्याला कर्करोग होईल ही समजूत निखालस खोटी आहे. तरीही कित्येक घरांत रुग्णाचे ताट-वाटी वेगळे ठेवले जाते आणि लहान मुलांना त्याच्याजवळ फिरकू दिले जात नाही. कर्करोग स्पर्शाने, उष्ट्याने वा श्वासाने पसरत नाही. बाहेरून यंत्राने दिलेल्या रेडिएशनमुळे रुग्णाच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. थायरॉइडच्या कर्करोगात किरणोत्सारी आयोडिन दिल्यावर काही दिवस अंतर राखावे लागते, परंतु त्याची स्पष्ट सूचना डॉक्टर देतात. मित्राने त्याच ताटात जेवायला बसणे हे रुग्णासाठी कोणत्याही धीराच्या शब्दांपेक्षा मोलाचे असते.

भेटीस येणारा प्रत्येक जण एखादा रामबाण उपाय घेऊन येतो, हाही नित्याचा अनुभव आहे. कोणी मुळ्या आणतो, कोणी काढा, कोणी परगावच्या वैदूचा पत्ता. काही वनस्पतिजन्य पदार्थ केमोथेरपीच्या औषधांच्या कार्यात अडथळा आणतात, यकृतावर ताण टाकतात. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे काहीही देऊ नये. हातातील उपचार थांबवून दुसरीकडे वळलेल्या रुग्णाचे गेलेले महिने पुन्हा मिळत नाहीत. याबाबत स्पष्ट बोलण्याचा अधिकार मित्राइतका दुसऱ्या कोणाला क्वचितच असतो.

संशोधन काय सांगते?

माणसांची सोबत आणि रोगाचा परिणाम यांचा संबंध अनेक अभ्यासांतून तपासला गेला आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीतील, स्तनाचा कर्करोग झालेल्या २,८३५ स्त्रियांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. निदानापूर्वी समाजापासून सर्वाधिक तुटलेल्या स्त्रियांमध्ये कोणत्याही कारणाने मृत्यू येण्याचा धोका, माणसांत चांगल्या गुंतलेल्या स्त्रियांच्या तुलनेत ६६ टक्क्यांनी अधिक आढळला. २०१३ मध्ये अमेरिकेतीलच सात लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींवरून असे दिसले की, विवाहित रुग्णांमध्ये रोग पसरलेल्या अवस्थेत आढळण्याचे प्रमाण कमी आणि पूर्ण उपचार मिळण्याचे प्रमाण अधिक होते. घरात कोणी तरी ‘चल, दाखवून येऊ’ म्हणणारे असते, हे त्यामागील एक सरळ स्पष्टीकरण आहे. एकट्या राहणाऱ्यांसाठी हे काम मित्रच करू शकतो.

तथापि या निष्कर्षांचा भलता अर्थ काढणेही योग्य नाही. आधारगटात सहभागी झाल्याने आयुष्य वाढते, असा निष्कर्ष डेव्हिड स्पीगल यांच्या १९८९ मधील अभ्यासातून निघाला होता. पुढे २००१ मध्ये कॅनडातील २३५ स्त्रियांच्या आणि २००७ मध्ये खुद्द स्पीगल यांच्याच नव्या अभ्यासात आयुर्मानातील हा फरक दिसला नाही. कॅनडातील अभ्यासात आधारगटातील स्त्रियांची मनःस्थिती मात्र सुधारली आणि वेदनेची तीव्रता कमी जाणवली. २००७ मध्येच डोके व मानेच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांच्या पाहणीत मनाच्या उभारीचा आणि जगण्याच्या कालावधीचा संबंध आढळला नाही.

याचा व्यावहारिक अर्थ महत्त्वाचा आहे. ‘मन खंबीर ठेव, रोग पळून जाईल’ असे रुग्णाला वारंवार बजावले तर रोग बळावल्यावर तो स्वतःलाच दोषी मानू लागतो. त्याला रडू येणे, चिडचिड होणे, काही दिवस कोणाशी न बोलावेसे वाटणे हे स्वाभाविक आहे. झोप उडणे, अन्नावरची वासना जाणे, जगणे नकोसे वाटणे अशी लक्षणे दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जीव नकोसा झाल्याचे रुग्ण बोलून दाखवत असेल, तर मात्र दोन आठवडेही थांबू नये.

परक्या शहरातील सोबती

मुंबईत परळ येथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात देशभरातून रुग्ण येतात. विदर्भ-मराठवाड्यातील खेड्यांतून, तसेच बिहार, बंगाल, ईशान्य भारतातून आलेल्या या कुटुंबांचे मुंबईत ना घर असते ना ओळखीचे कोणी. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या ठिकाणी त्यांना निवारा मिळतो. कर्करोगग्रस्त बालकांच्या कुटुंबांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची केंद्रे मोफत निवास पुरवत आहेत. सामाईक स्वयंपाकघरात, व्हरांड्यात, औषधांच्या रांगेत येथे नव्या मैत्री जुळतात. कोणती खिडकी केव्हा उघडते, तोंड आल्यावर काय खाऊ घालावे, कोणता अर्ज कोठे द्यावा, हे महिन्याभरापूर्वी आलेला माणूस आज आलेल्याला सांगतो. भाषा वेगळी असली तरी अडत नाही.

ज्याने हा रोग भोगला आहे त्यानेच नव्या रुग्णाला धीर द्यावा, या कल्पनेला संघटित रूप देणाऱ्या सुरुवातीच्या उपक्रमांपैकी एक १९५२ मध्ये न्यूयॉर्क येथे टेरीस लॅसर यांनी सुरू केला. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर त्या स्वतः इतर स्त्रियांना भेटू लागल्या. मुंबईत १९५१ मध्ये स्थापन झालेली इंडियन कॅन्सर सोसायटी, १९६९ पासून कार्यरत असलेली कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि १९९४ मध्ये सुरू झालेले व्ही केअर फाउंडेशन या संस्था रुग्णांना समुपदेशन, माहिती आणि मदत देतात. रुग्णाला आपल्याच प्रकारचा कर्करोग होऊन गेलेल्या व्यक्तीशी बोलायचे असल्यास अशा संस्थांकडे चौकशी करता येते.

क्रिकेटपटू युवराजसिंग याच्यावर २०१२ मध्ये अमेरिकेत उपचार झाले, तेव्हा अनिल कुंबळे त्याला तेथे जाऊन भेटला आणि पुढे लंडनमध्ये सचिन तेंडुलकरने त्याची भेट घेतली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये युवराज पुन्हा भारताकडून मैदानात उतरला.

पैशाची बाजू

मित्रांनी वर्गणी काढण्यापूर्वी सरकारी योजनांची चौकशी करणे श्रेयस्कर. महाराष्ट्रात २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना म्हणून सुरू झालेली आणि २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नाव मिळालेली योजना कर्करोगाच्या अनेक उपचारांना लागू होते. २०२३ मधील निर्णयानुसार तिची मर्यादा प्रतिकुटुंब प्रतिवर्ष दीड लाखावरून पाच लाख रुपये करण्यात आली. योजनेतील मान्यताप्राप्त रुग्णालयातच उपचार घ्यावे लागतात आणि पूर्वमंजुरी लागते. रेल्वेच्या शयनयान व तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यात उपचारांसाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला भाड्यात पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे विहित प्रमाणपत्र लागते. मुख्यमंत्री साहाय्यता निधी आणि सिद्धिविनायक मंदिर न्यासासारख्या संस्थांकडेही अर्ज करता येतो. मोठ्या रुग्णालयांतील वैद्यकीय समाजसेवक याबाबत मार्गदर्शन करतात. हे अर्ज भरणे, शिधापत्रिका-उत्पन्नाचा दाखला जमवणे, खेटे घालणे ही कामे मित्रांनी उचलली तर कित्येकदा वर्गणीची वेळच येत नाही. वर्गणी काढलीच तर ती एकाच खात्यात जमा करावी आणि हिशेब लेखी ठेवावा.

मैत्रीची दुसरी बाजू

पुरुषांमधील मुखाच्या कर्करोगाचे मूळ बहुतांशी तंबाखूत आहे आणि तंबाखूची पहिली चिमूट बहुधा मित्रानेच मळून दिलेली असते. कट्ट्यावर, पारावर, कामाच्या सुटीत पुढे केलेला हात नाकारणे अवघड जाते. ज्येष्ठ नेते शरद पवार यांना २००४ मध्ये मुखाच्या कर्करोगाला तोंड द्यावे लागले. चाळीस वर्षांपूर्वी कोणी सावध केले असते तर बरे झाले असते, अशी खंत त्यांनी पुढे जाहीरपणे व्यक्त केली. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे, पण सवयीवरची बंदी मित्रच घालू शकतो. तोंडात तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे, स्तनात गाठ, अनियमित रक्तस्राव, घटणारे वजन ही लक्षणे दिसल्यास मित्राला हाताला धरून डॉक्टरांकडे नेणे, ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक मदत होय.

उपचार संपल्यावर

शेवटची केमो झाली, पेढे वाटले गेले, की मदतीची गरज संपली असे सर्वांना वाटते. रुग्णाच्या मनात मात्र रोग परतण्याची धास्ती घर करून असते आणि प्रत्येक तपासणीच्या आधीचा आठवडा ती पुन्हा डोके वर काढते. थकवा कित्येक महिने रेंगाळतो. अशा वेळी पूर्वीसारखे पत्त्यांचा डाव मांडणे, सकाळी फिरायला सोबत नेणे, कचेरीत परतल्यावर दया न दाखवता काम वाटून घेणे, यातून माणूस हळूहळू माणसांत येतो.

सर्वच रुग्ण बरे होत नाहीत, हेही वास्तव आहे. उपचारांनी गुण येणे थांबल्यावर वेदनाशमन आणि शांतपणे निरोप घेता येणे, हेच ध्येय उरते. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये सुरू झालेले शांती आवेदना सदन हे देशातील पहिले अंतिम शुश्रूषालय. त्याची शाखा गोव्यातही आहे. पुण्यात वारजे येथे १९९७ पासून सिप्लाचे वेदनाशमन केंद्र रुग्णांची विनामूल्य काळजी घेते. केरळमध्ये तर शेजारीपाजारीच प्रशिक्षण घेऊन अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांची घरोघरी जाऊन सेवा करतात आणि जगभरचे अभ्यासक ती पद्धत पाहण्यास येतात.

या टप्प्यावर अनेक मित्र येणे थांबवतात. काय बोलावे ते सुचत नाही, हे त्याचे कारण असते. परंतु तेथे बोलण्याची अपेक्षा नसतेच. वर्तमानपत्र वाचून दाखवावे, पाय चेपून द्यावेत, सामन्याचा धावफलक सांगावा, नाही तर नुसते खुर्ची ओढून बसावे. रोगाचा इलाज डॉक्टरांच्या हाती असतो. खुर्ची रिकामी राहू न देणे मित्रांच्या हाती असते.